एक मीटरची लाट

गुरुवारी पोफळी तोडायला माणसं येणार होती, आणि सोमवारी दुपारी मी कोअर शेडमध्ये खुर्चीवर बसून डुलक्या घेत होतो.

शेड म्हणजे खाडीकाठची बंद पडलेली बर्फाची फॅक्टरी. कंपनीने ती भाड्याने घेतली होती. जाड भिंती, उंच खिडक्या. बाहेर ऑक्टोबरचं ऊन मी म्हणत होतं आणि आत गारवा. भरतीचं पाणी मागच्या भिंतीला लागायचं, त्याचा चुळुक चुळुक आवाज आत यायचा. असल्या जागी जेवणानंतर जागं राहणं माझ्याच्याने होत नाही. चाळीस वर्षं भूगर्भशास्त्रज्ञ म्हणून सरकारी नोकरी केली, रिटायर झालो, आता कन्सल्टंट म्हणून फिरतो. पण दुपारच्या झोपेने माझ्या कुठल्याच हुद्द्याची पत्रास ठेवली नाही.

काम होतं निओबियम शोधायचं. हा एक धातू आहे. पोलादात चिमूटभर टाकला तरी पोलाद हलकं आणि चिवट होतं, म्हणून सगळ्या जगाला हवा असतो. तो मिळतो मुख्यतः कार्बोनेटाइट नावाच्या खडकात. दिसायला हा खडक मळकट चुनखडीसारखा, पण आलेला असतो जमिनीच्या पोटातून, वितळून, लाव्हाच्या वाटेने. आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर सगळा काळा कातळ. म्हसळ्याहून श्रीवर्धनकडे जाताना एका गावाच्या वर, सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या उघड्या सपाटीवर, या काळ्या कातळातून मळकट पांढरा दगड डोकावताना कुणाला तरी दिसला आणि मुंबईच्या एका कंपनीने तिथे ड्रिलिंगची परमिशन काढली. गावाचं नाव सांगत नाही. गावाला आता त्यात काही रस उरलेला नाही.

ड्रिलिंग म्हणजे काय, तर हिऱ्याची कणी बसवलेली पोकळ नळी फिरवत फिरवत जमिनीत घालायची. नळीच्या आत दगडाची गोल, लांब कांडी राहते. ती बाहेर काढायची. तिला कोअर म्हणतात. कांडी तुटत तुटतच येते. ते तुकडे धुऊन लाकडी पेट्यांमध्ये ओळीने लावायचे. पेटी एक मीटर लांबीची, आत पाच खाचा, म्हणजे एका पेटीत पाच मीटर जमीन. शंभर मीटरचं होल असेल तर वीस पेट्या. भूगर्भशास्त्रज्ञ या पेट्यांपुढे उकिडवा बसतो आणि खाली काय दडलंय ते वाचतो. आमचा सगळा धंदा हा एवढाच.

पेट्या लावायचं काम इब्राहिमभाईंकडे होतं. वय पंचावन्नच्या पुढे, मेंदी लावलेली दाढी, इस्त्रीचा शर्ट. बावीस वर्षं कुवेतला स्टोअरकीपर होते. परत येऊन बापाची वाडी सांभाळत होते. ड्रिलरने माणूस मागितला तेव्हा गावाने त्यांचंच नाव पुढे केलं. मी त्यांना पहिल्या दिवशी अर्धा तास शिकवलं.

"इब्राहिमभाई, सोपं आहे. पुस्तक वाचतो ना आपण, तसं लावायचं. पहिली ओळ भरली की खाली दुसरी. तुकड्यांचा क्रम बदलायचा नाही."

"समजला साहेब. किताबीवानी."

पहिली पेटी लावायला घेण्याआधी त्यांनी हात धुतले. मला तो माणूस तिथंच आवडला. मी खुशीत गाडीत बसलो आणि दुसऱ्या एका कामाला पुण्याला निघून गेलो. पहिलं होल पूर्ण होईपर्यंत परत आलो नाही. हे सांगताना आजही कान गरम होतात.

साइटवर केतकी होती. दोनच वर्षांपूर्वी एम.एस्सी. झालेली, हुशार, कामाला वाघ. तिच्याकडे हातात धरायचं एक यंत्र होतं. दिसायला बंदुकीसारखं. दगडाला टेकवून चाप ओढला की कुठला धातू किती आहे ते पडद्यावर येतं. हे आकडे कच्चे असतात. पक्के आकडे लॅबकडून यायला दोन महिने लागतात. खाणकामातल्या बहुतेक चुका याच दोन महिन्यांत होतात. केतकी प्रत्येक पेटीतल्या प्रत्येक ओळीत वीस-वीस सेंटिमीटरवर बंदूक लावत गेली आणि रोज संध्याकाळी मला एक्सेलची फाइल पाठवत गेली.

पुण्यात मी त्या आकड्यांचा आलेख काढला, आणि माझं डोकं फिरलं.

एकतीस मीटरपासून त्रेचाळीस मीटरपर्यंत निओबियम होतं. सगळ्यांना हवं होतं तेवढं, किंबहुना जास्तच. खाली जावं तसं ते वाढत गेलं होतं आणि मग उतरत गेलं होतं. इथवर ठीक. पण या चढउतारावर बारीक दात होते. आकडा उडी मारायचा, हळूहळू सरकायचा, पुन्हा उडी. एकामागून एक, अगदी नेमाने, बारा वेळा. कागद आडवा धरला तर किनाऱ्याला येणाऱ्या लाटाच.

याचा अर्थ मला माहीत होता. माहीत होता म्हणण्यापेक्षा, असा अर्थ निघावा म्हणून मी चाळीस वर्षं वाट पाहत होतो. वितळलेल्या खडकाचं मोठं तळं जमिनीच्या पोटात शांत पडून राहिलं, की त्यातले जड दाणे तळाशी बसतात. तांदूळ धुतलेल्या पाण्यात पीठ बसतं तसे. मग खालून नवा रस येतो. पुन्हा दाणे बसतात. थरावर थर. असे थर पोळ्यांच्या चळतीसारखे आडवे पसरलेले असतात, आणि चळत एका ठिकाणी सापडली की ती दूरवर असणार हे नक्की. म्हणजे मोठी खाण. निओबियमच्या धंद्यात असं काही सापडणं म्हणजे लॉटरीच.

दुसरीही एक शक्यता होती. कातळाला भेग पडते, तिच्यात रस घुसतो आणि थिजतो. त्याला आम्ही डाइक म्हणतो. ती उभी भिंत असते, पातळ. तुम्ही सरळ खाली होल मारलं आणि भिंत जराशी कललेली असली, तर होल भिंतीच्या एका अंगाने शिरून दुसऱ्या अंगाने बाहेर पडतं. वाटतं, केवढा जाड खडक! प्रत्यक्षात भिंत दोन-अडीच मीटरची. पण भिंतीत असे नेमाचे थर कुठून येणार? मी ती शक्यता वहीत एका ओळीत लिहिली आणि पान उलटलं.

"सर, एक विचारू?" केतकी फोनवर म्हणाली. "हे दात अगदी एकेक मीटरचेच कसे?"

"निसर्गात लय असते, केतकी."

ते वाक्य तिने वहीत लिहून घेतल्याचं मला नंतर दिसलं. तेवढं तिने करायला नको होतं.

तिने आणखीही एक विचारलं. वरच्या अर्ध्या भागात दात एका बाजूला झुकलेले होते आणि खालच्या अर्ध्यात बरोबर उलट्या बाजूला. जड दाणे जर तळाशी बसतात, तर वरच्या थरांत ते माथ्यावर कसे? यावरही माझ्याकडे उत्तर तयार होतं, चांगलं पानभर. प्रेमात पडलेल्या माणसाला शंका सुचतच नाहीत, नुसती उत्तरं सुचतात.

माझ्या कच्च्या रिपोर्टवरून कंपनीने दुसऱ्या होलची जागा ठरवली. पोळ्यांची चळत खरी असेल तर ती दोनशे मीटरवर, सड्याच्या पायथ्याशी, लागायलाच हवी होती. पायथ्याशी इब्राहिमभाईंची वाडी होती. रिग, म्हणजे ड्रिलिंगचं यंत्र, न्यायला वाट करायची तर एकतीस पोफळी तोडाव्या लागणार होत्या.

मी साइटवर आलो तो रविवारी. संध्याकाळी केतकीला घेऊन हरिहरेश्वरला गेलो. देवळामागे प्रदक्षिणेच्या वाटेवर समुद्राने खडक कोरून ठेवला आहे, त्याला खाचा पाडल्या आहेत, जाळ्या पाडल्या आहेत. ओहोटी होती. सूर्य अजून वर होता. मी एका दगडावर बसलो आणि लाटांकडे बघत राहिलो. उडी, मग हळूहळू सरकणं, पुन्हा उडी. मला वाटलं, या किनाऱ्याचा जन्म होत असताना जमिनीखालीही असंच एक तळं असेल. कुणी बघायला नाही, आवाज नाही, उजेड नाही, आणि दाणे आपले बसताहेत. नवा रस येतोय. पुन्हा बसताहेत. त्याचं पहिलं पान वाचायला मिळालेला माणूस मी. मला खरंच भरून आलं. केतकी म्हणाली, "सर, भरती लागली, निघू या." मला उठवेना.

सोमवारी सकाळी वाडीत गेलो. सड्यावरून उतरलं की एकदम सावली. नारळ, पोफळी, मधे दोन जायफळाची झाडं, पाटाचं पाणी. पाण्यावर उन्हाचे कवडसे हलत होते. इब्राहिमभाई एका हातात चुन्याचं डबडं आणि एका हातात ब्रश घेऊन उभे होते. तोडायच्या झाडांना ते स्वतःच कमरेएवढ्या उंचीवर पांढरी पट्टी मारत होते.

"तुम्ही कशाला? माणूस लावला असता."

"झाडं माझी हायत साहेब. दुसऱ्यानं मारलेली पट्टी बरी न्हाय दिसत."

"वडिलांनी लावलेली?"

"त्यांनी. मी तवा एवढासा व्हतो. पानी मी घातलेला." त्यांनी पट्टी पूर्ण केली, दोन पावलं मागे जाऊन ती सरळ आली आहे का पाहिलं. "माजा एक पोरगा हाय साहेब, नौशाद. कुवेतला एसीचा काम करतो. त्याचा पोरगा तीन वरसांचा झाला. मी त्याला फोनवरच बघितलाय. हितं खाण झाली तर मेकॅनिक लागतीलच ना?"

"लागतील."

"मग झाडांचा काय? झाडं परत लावता येतात." ते पुढच्या झाडाकडे वळले. जाताना त्यांनी पट्टी मारलेल्या झाडावर सहज हात ठेवला.

माझ्या खिशात लाटांचा आलेख होता, घडी करून.

आणि मग ती दुपार. केतकी मुक्कामाच्या खोलीवर रिपोर्ट टाइप करत होती. मी खुर्चीत, अर्धा झोपेत. समोर इब्राहिमभाई. नमाज झाला होता. एका पालथ्या पेटीवर बसून ते जुनं, कव्हर गेलेलं एक पुस्तक वाचत होते. त्यांना ओळीवर बोट ठेवून वाचायची सवय होती. मी मिटत्या डोळ्यांनी त्या बोटाकडे बघत होतो. बोट सरकत होतं, ओळ संपली की उडी मारून पुन्हा सुरुवातीला जात होतं, पुन्हा सरकत होतं. मला झोपेत हरिहरेश्वरचा समुद्रच दिसत होता. लाट सरकते, उडी मारते, सरकते. छान चाललं होतं. फक्त कुठेतरी काहीतरी खुपत होतं. लाट चुकीच्या बाजूने येत होती.

मी डोळे उघडले.

बोट उजवीकडून डावीकडे जात होतं. पुस्तक उर्दू होतं.

खुर्चीतून मी कसा उठलो आठवत नाही. सरळ नववी पेटी गाठली. तीन-तीन मीटरवर ड्रिलर एक लाकडी ठोकळा देतो, त्यावर खोली लिहिलेली असते. जिथे ती खोली संपते तिथे तो ठेवायचा. ओळीच्या उजव्या टोकाला असायला हवा होता. तो डाव्या टोकाला होता. दहाव्या पेटीत बघितलं. सातव्यात बघितलं. जिथे जिथे ओळ संपताना ठोकळा आला होता, तिथे तो डाव्याच टोकाला होता. केतकीने तो पाहिला होता. पण भाई आधी ठोकळा ठेवतात आणि मग ओळ भरतात, असं ती समजून चालली होती.

"इब्राहिमभाई, नळीतून पहिला तुकडा निघाला की तो पेटीत कुठं ठेवता?"

त्यांनी पुस्तकात खूण ठेवली, उठले आणि पेटीच्या उजव्या टोकावर तळवा ठेवला. "हितं. हितनं सुरू."

"सगळ्या पेट्या अशाच?"

"पैल्या दिसापासून. तुम्ही सांगितला तसा. किताबीवानी." त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. "काय झाला साहेब?"

काय झालं होतं ते सांगतो. इब्राहिमभाई प्रत्येक ओळ उजवीकडून भरत होते. केतकी प्रत्येक ओळ डावीकडून मोजत होती. दोघंही आपापल्या परीने चोख. म्हणजे जमिनीचा प्रत्येक मीटर आलेखात उलटा बसला होता. निओबियम प्रत्यक्षात सलग चढत गेलं होतं आणि सलग उतरलं होतं. आम्ही त्याचे मीटर-मीटरचे तुकडे करून प्रत्येक तुकडा पालथा घातला. चढावरचे दात एकीकडे झुकले, उतारावरचे दुसरीकडे. माझं पानभर उत्तर केराच्या टोपलीत गेलं. तळं नव्हतं, थर नव्हते, लाट नव्हती. पेटीची लांबी एक मीटर होती, बस.

"म्हंजे मी सगळा उलटा लावला?"

"नाही. तुम्ही सांगितल्याप्रमाणे लावलंत. मीच अर्धं सांगितलं."

ते पालथ्या पेटीवर बसले. "तीन हप्ते रोज हात धुऊन लावला साहेब," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "मग वाडीखाली काय न्हाय?"

"बहुतेक नाही. ही भिंत असणार. वाडीपर्यंत येत नाही."

मला वाटलं, हा माणूस आता सुस्कारा टाकेल. त्यांनी मान खाली घातली. "म्हंजे खाण पण न्हाय."

मुंबईला फोन लावला. कंपनीचे डायरेक्टर शहासाहेब. माणूस वाईट नव्हता, पण माझ्या रिपोर्टवर त्यांनी चार ठिकाणी शब्द दिला होता. शेडमध्ये नेटवर्क धड नसायचं, म्हणून फोन दाराशी ठेवून स्पीकरवर लावला होता.

"नाईकसाहेब, एक मिनिट. ज्याची झाडं तुटणार, तोच तुमच्या पेट्या लावतो?"

"हो."

"आणि झाडं तुटायच्या तीन दिवस आधी कळतं की पेट्या उलट्या आहेत? मला खाणीतलं कळत नाही, पण माणसातलं कळतं. त्याने आता फिरवल्या असतील."

"शहासाहेब, तो इथेच उभा आहे."

"मग त्यालाच विचारा ना!"

इब्राहिमभाईंनी विचारायची वाट पाहिली नाही. फोन बंद होताच म्हणाले, "झाडं तोडा साहेब. गुरवारी म्हंजे गुरवारी. बापाच्या झाडापायी माझ्यावर आळ नको."

"खाली काही नसताना?"

"खाली काय असो नसो. कुवेतला बावीस वरसांत स्टोअरचा एक खिळा हिकडचा तिकडं न्हाय झाला."

त्यांचा आवाज चढला नव्हता. लॅबचे आकडे यायला अवकाश होता. गुरुवार तीन दिवसांवर होता. आणि चूक होती माझी, जात होती त्यांची झाडं आणि त्यांची अब्रू.

तेव्हा आम्ही तुकड्यांकडे वळलो. दगडाची कांडी तुटते तेव्हा तिची दोन्ही तोंडं एकमेकांची जोडीदार असतात. फुटलेल्या कपाचा कान कपालाच बसतो, दुसऱ्या कपाला नाही. ओळ जर डावीकडून भरलेली असेल, तर वरच्या ओळीचं उजवं टोक खालच्या ओळीच्या डाव्या टोकाला बसायला हवं. उजवीकडून भरलेली असेल, तर बरोबर उलट. हे बनवता येत नाही. दगड एकदाच तुटतो.

मंगळवार आणि बुधवार आम्ही तिघं फॅक्टरीच्या जमिनीवर रांगत होतो. एकतीस ते त्रेचाळीस, बारा मीटरची कांडी एका रेषेत मांडायची होती. केतकी पेटीतून तुकडा द्यायची, मी नंबर लिहायचो, इब्राहिमभाई तोंडं जुळवायचे. त्यांना बघावं लागायचं नाही. दोन तुकडे हातात घेऊन ते हलकेच फिरवायचे, आणि कुठेतरी बारीक टक् व्हायचं. बाहेर भरती यायची, जायची. खिडकीतून उन्हाचा पट्टा जमिनीवरून सरकत जायचा आणि ओला दगड चमकायचा. मधेच एखादा चुरा झालेला भाग यायचा, तिथे आम्ही थांबायचो, जागा सोडायचो, पुढे जायचो. माझी लाट मोडत होती आणि तरी ते दोन दिवस मला सुखाचे वाटले, हे खरं सांगायला हवं.

प्रत्येक ओळीचं डावं टोक खालच्या ओळीच्या उजव्या टोकाला बसलं. एकही अपवाद निघाला नाही. केतकीने रोज संध्याकाळी फोनवर पेट्यांचे फोटो काढले होते, तेही ताडून पाहिले. पहिल्या दिवसापासून पेट्या तशाच होत्या. कुणी काही फिरवलं नव्हतं. बुधवारी केतकीने त्या रेषेवर पुन्हा बंदूक लावली आणि नवा आलेख काढला. एक टेकडी. एका बाजूने चढ, दुसऱ्या बाजूने उतार. भेगेत थिजलेल्या रसाचा आलेख पुस्तकात असतो तसा. मला रडू आलं नाही, पण बाहेर जाऊन खाडीकडे बघत थोडा वेळ उभा राहिलो.

गुरुवारी सकाळी तोडणारे आले. चौघं, दोन करवती, दोरखंड. इब्राहिमभाईंनीच त्यांना चहा दिला. नऊच्या सुमारास शहासाहेबांची गाडी आली. त्यांनी नमस्कार केला नाही, थेट शेडमध्ये आले. जमिनीवरची बारा मीटरची दगडी कांडी बघून थबकले.

"शहासाहेब, बसा," मी म्हटलं.

"कुठं?"

"खाली."

पांढरी पॅन्ट होती बिचाऱ्यांची. तरी बसले. मी त्यांच्या हातात एका ओळीचं उजवं टोक आणि पुढच्या ओळीचं डावं टोक दिलं. "माझ्या रिपोर्टप्रमाणे हे दोन एकमेकांना बसायला हवेत. बसवा."

त्यांनी फिरवून पाहिलं, दाबून पाहिलं. खर्रखर्र आवाज झाला. मग मी दुसरी जोडी दिली. त्यांनी एकदा फिरवलं. टक्.

त्यांनी ते सोडवून पुन्हा बसवलं. मग स्वतः होऊन पुढची जोडी मागितली. असे सहा सांधे त्यांनी बसवले. दाराशी इब्राहिमभाई चहाचा ट्रे घेऊन उभे होते.

"चूक कोणाची?" शहासाहेबांनी विचारलं.

"माझी. पुस्तकासारखं लावा म्हणालो. कुठलं पुस्तक ते विचारलं नाही."

ते उठले, पॅन्ट झटकली, ट्रेमधला कप घेतला. "भाई, फोनवर मी जे बोललो ते मागे घेतो." इब्राहिमभाईंनी मान हलवली. "साखर बघा," ते म्हणाले, "कमी असंल."

तोडणाऱ्यांना दिवसाची मजुरी देऊन परत पाठवलं. जाताना ते हिरमुसले होते. आलोच आहोत तर दोन नारळ तरी उतरवतो, म्हणत होते.

भिंत खरी आहे का, हे बघायला दुसरं होल सड्यावरूनच, तिरकं मारलं. भिंत लागली, सांगितलेल्या जागी लागली आणि अडीच मीटरांत संपली. तिच्या पलीकडे पुन्हा काळा कातळ. लॅबचे आकडेही केतकीच्या टेकडीशी जुळले. निओबियम होतं. खाण होण्याइतकं नव्हतं. दिवाळीनंतर कंपनीने रिग उचलली. केतकीला दुसऱ्या प्रोजेक्टवर घेतलं. इब्राहिमभाईंचा पगार बंद झाला.

आता मी कुठल्याही कोअर शेडमध्ये गेलो की आधी प्रत्येक पेटीवर खडूने बाण काढतो. नव्या माणसाला नुसतं सांगत नाही, त्याच्या हाताने पहिली ओळ भरून घेतो. आणि आलेखात काही बरोब्बर एक मीटरने येताना दिसलं, तर दगडाकडे बघत नाही, पेटीकडे बघतो. जमिनीला मीटर ठाऊक नाही. तो आपण नेलेला असतो. लाटांचा आलेख मी अजून ठेवला आहे. दुपारी कधीतरी बघतो. सुंदर आहे, खोटा आहे.

गेल्या हिवाळ्यात श्रीवर्धनला एका लग्नाला गेलो होतो, तेव्हा वाट वाकडी करून वाडीत गेलो. इब्राहिमभाई पाटाचं पाणी वळवत होते. दाढीला मेंदी ताजी होती. सावली तशीच, कवडसे तसेच. पोफळींवरच्या चुन्याच्या पट्ट्या एका पावसाळ्याने धुऊन जायला हव्या होत्या. पण त्या पांढऱ्या स्वच्छ होत्या. नीट पाहिलं तर दुसरा हात मारलेला दिसला.

"हे काय? पुन्हा चुना?"

"मीच मारला." त्यांनी फावडं बांधाला टेकवलं. "नौशाद मे महिन्यात येतोय, सुट्टीवर. एक महिना. त्याला दाखवायचा हाय."

"काय दाखवायचंय?"

"त्याला वाटतं, बापाला वाडी प्यारी, म्हनून मला परत बोलवत न्हाय." त्यांनी जवळच्या झाडावर, पट्टीच्या वर, हात ठेवला. "मोजंल तो. तोडायला काढलेली एकतीस हायत."